गोरं व्हायची क्रीम लावताय? आधी हे वाचा. विक्रोळी-अंधेरीतून गावागावात पोहोचलेला रंगाचा धंदा आणि अकोल्यातल्या किडन्यांची गोष्ट

विक्रोळी (विशेष प्रतिनिधी) : गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा. काउंटरच्या वर दोरीला पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शाम्पू, केसांचा काळा रंग, चेहऱ्याची क्रीम. दहा-वीस रुपयांत एक पुडी. पेरणीला उधारीवर खत घेणारं घरसुद्धा ही पुडी रोखीनं घेतं. ती लावल्यावर काय होतं, ती कुठून येते आणि ती लावावीशी का वाटते, या तीन प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की माणूस मुंबईच्या उपनगरात पोहोचतो.

पूर्व उपनगरात विक्रोळी. इथं गोदरेजचं मुख्य कार्यालय. पश्चिम उपनगरात अंधेरीच्या चकाल्याला हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्य कार्यालय, म्हणजे पूर्वीची हिंदुस्तान लिव्हर. गोरेगावात दादासाहेब फाळके चित्रनगरी, जिथं मालिका आणि जाहिराती शूट होतात. क्रीम विकणारे, जाहिरात बनवणारे आणि रोज रात्री घरात दिसणारे चेहरे, सगळे लोकलनं तासाभराच्या अंतरात. चांगलं दिसणं म्हणजे काय, हे ठरवायचं बरंचसं काम या पट्ट्यात होतं आणि त्याचा माल आपल्या तालुक्यात उतरतो.

चरबी नसलेला साबण ते गोरेपणाचा साबण

विक्रोळी आपल्या लोकांना परकी नाही. कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइट इथं घाटावरची आणि कोकणातली कितीतरी कुटुंबं आहेत. कुणाचा चुलता गोदरेजच्या कारखान्यात कपाटं बनवायचा, कुणाचा मामा तिथल्या कँटीनला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या याच विक्रोळीत बनल्या होत्या.

गोदरेजचा साबण तर त्याहून जुना. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटी वनस्पती तेलापासून साबण काढला. तेव्हा विलायती साबणात जनावराची चरबी असायची, म्हणून अनेक घरं तो वापरायची नाहीत. यात चरबी नाही आणि हा स्वदेशी आहे, या दोन गोष्टींवर तो विकला गेला. रवींद्रनाथ टागोरांनी त्याची शिफारस केली होती. म्हणजे साबण विकताना सांगितलं काय, तर तो कशाचा बनलाय ते.

त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १९९९-२००० च्या सुमारास, त्याच घराण्याच्या कंपनीनं 'फेअरग्लो' नावाचा साबण बाजारात आणला. हा गोरेपणाचा साबण होता. आता सांगितलं काय, तर तो लावल्यावर तुम्ही कसे दिसाल ते. साबण तोच, अंघोळ तीच, पण विकायची गोष्ट बदलली. साबण अंगावर राहतो किती? मिनिटभर. मग पाण्याबरोबर वाहून जातो. तेवढ्यात कातडीचा मूळ रंग बदलत नाही, हे कुणालाही कळतं. तरी असे साबण खपले, कारण लोकांना गोरं व्हायचं होतं.

आणि ते आधीच कुणीतरी पेरून ठेवलं होतं. हिंदुस्तान लिव्हरनं १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आणली. तिच्या जाहिराती चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना तोंडपाठ असतील. सावळी मुलगी, खाली मान, नोकरी नाही, स्थळ येत नाही, बाप काळजीत. मग ट्यूब येते. काही आठवड्यांत मुलगी गोरी, ताठ मानेनं चालते, विमानात हवाई सुंदरी होते. बापाची मान वर. बघायला गोड, पण त्यात बापाला मुलगा नसल्याचं दुःखही होतं आणि मुलीच्या रंगाची लाजही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं या जाहिरातींविरुद्ध थेट राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडं तक्रार केली आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागं घ्यावी लागली.

पुढं पुरुषही सुटले नाहीत. २००५ मध्ये इमामी कंपनीनं पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' काढली, नंतर शाहरुख खानला घेऊन जाहिरात केली. बायकांची क्रीम चोरून लावणारा पोरगा त्यात हसण्यावारी नेला होता. त्यानंतर सलूनच्या खुर्चीवर बसलेला पोरगा दाढीबरोबर 'फेशियल' मागायला लागला.

दोष जाहिरातवाल्यांचाच म्हणावा का?

सगळं खापर कंपनीवर फोडलं की आपण मोकळे होतो. पण ते खरं नाही. कंपनीनं भूक तयार केली नाही, होती ती वाढवली.

मूल पोटात असतं तेव्हापासूनच हे सुरू होतं. गरोदर सुनेला केशर घातलेलं दूध पाजतात, बाळ गोरं व्हावं म्हणून. केशरानं बाळाचा रंग ठरत नाही, तो आई-बापाकडून येतो. दूध चांगलंच आहे, पण त्या केशराच्या पैशात चार दिवस अंडी, डाळ, पालेभाजी आली असती. बाळ जन्मलं की बघायला आलेली बाई आधी काय विचारते? "कुणावर गेलंय? रंग कसाय?" बाळाचं वजन विचारणारी एकटी आशाताई.

मग शाळेत काळू, जाड्या, बुटकी, चष्मिष, टकल्या. गावातली टोपणनावं प्रेमाची असतात असं म्हणायची पद्धत आहे. ज्याला ती चिकटतात त्याला विचारावं.

आणि शेवटी लग्न. आपल्याकडं रंगाला जितके शब्द आहेत तितके पिकाच्या वाणालाही नसतील. गोरीपान, गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. बायोडाटामध्ये 'वर्ण' नावाचा रकाना असतोच आणि त्यात 'सावळा' लिहायची कुणाची छाती होत नाही, सगळे 'गव्हाळ'वर थांबतात. पोहे खाऊन बाहेर पडलेली पाहुणेमंडळी म्हणतात, "पोरगी नाकीडोळी नीटस आहे, पण रंगानं जरा डावी." या 'जरा डावी'ची किंमत पुढं हुंड्यात, मानपानात, तोळ्यात मोजली जाते. मुलगी बारावीला ऐंशी टक्के घेऊन आलेली असली तरी. मुलगा कसा दिसतो हे मात्र क्वचितच विचारतात, त्याला विचारतात एकर आणि नोकरी.

ही सगळी मंडळी आषाढात सावळ्या विठ्ठलाच्या दर्शनाला बारा-पंधरा तास रांगेत उभी राहतात, हे वेगळंच.

मुळात गोऱ्या रंगाला हा मान आला कुठून? याचं एक उत्तर शेतातच आहे. उन्हात राबणाऱ्याची कातडी रापते, सावलीत बसणाऱ्याची रापत नाही. म्हणजे रापलेला रंग मजुराचा आणि उजळ रंग वाड्यातला, अशी खूण पक्की झाली. त्याला जातीची उतरंड जोडली गेली आणि वर गोऱ्या साहेबाचं दीडशे वर्षांचं राज्य. युरोपात मात्र उलटं घडलं. तिथं मजूर शेतातून उठून बंद गिरणीत गेला आणि फिकट पडला. मग साधारण १९२० नंतर श्रीमंत लोक समुद्रकिनारी उन्हात पडून कातडी रापवून घ्यायला लागले, कारण आता सुट्टी परवडणाऱ्याचीच कातडी रापत होती. तिथं आजही रंग रापवायची क्रीम विकली जाते. इथं गोरं व्हायची, तिथं सावळं व्हायची. पैसे दोन्हीकडं.

टीव्ही आला आणि काय झालं: एका बेटाची गोष्ट

टीव्हीमुळं पोरी बिघडल्या, असं पारावर बसून बोलणं सोपं असतं. पण टीव्ही येण्याआधी आणि आल्यानंतर काय बदललं हे मोजायचं कसं? ती संधी एका ठिकाणी मिळाली होती. प्रशांत महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. आपल्याकडचे कितीतरी लोक इंग्रजांच्या काळात तिथं ऊसतोडीला नेले होते. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ पर्यंत टीव्हीच नव्हता. तिथले मूळ लोक भरल्या अंगाला मान द्यायचे. कुणी बारीक झालं तर शेजारी काळजीनं विचारायचे, जसं आपल्याकडं पूर्वी 'खात्यापित्या घरची' म्हणजे कौतुक होतं आणि बारीक पोरगी दिसली की "आई जेवायला घालत नाही का गं?" असं विचारायचे.

१९९५ मध्ये तिथं टीव्ही आला आणि बहुतेक कार्यक्रम अमेरिका-ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचे. अमेरिकेतल्या डॉक्टर अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही आल्या-आल्या शाळेतल्या ६३ मुलींना प्रश्न विचारून ठेवले आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या ६५ मुलींना तेच प्रश्न विचारले. खाण्याबद्दल आजाराच्या हद्दीला जाणारे विचार असलेल्या मुली आधी १२.७ टक्के होत्या, त्या २९.२ टक्के झाल्या. बारीक होण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के मुलींनी तसं केल्याचं सांगितलं. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुली थोड्या होत्या आणि तीन वर्षांत त्या बेटांवर टीव्हीशिवाय दुसरंही काही बदललं असेल, हेही धरायला हवं. तरीपण मुलींनीच तोंडानं सांगितलं होतं की टीव्हीवरच्या बायकांसारखं दिसावंसं वाटतं.

आपल्याकडं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, गावात टीव्ही नंतर हळूहळू आला. त्या सुरुवातीच्या काळात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या कोण द्यायचं? स्मिता पाटील. सावळी, मोठ्या डोळ्यांची. पुढं 'जैत रे जैत', 'उंबरठा' याच चेहऱ्यानं गाजवले. म्हणजे सावळा चेहरा लोकांना चालत नाही, असं काही नाही. दाखवला तर चालतो. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, तिच्याही चेहऱ्यावर पावडरचा थर नव्हता. त्याआधी 'फँड्री'तला जब्या.

मग मालिकांना काय होतं? २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. सावळ्या मुलीची गोष्ट, तिला रंगावरून होणारा जाच. विषय चांगला, लोकांनी ती जवळपास चार वर्षं पाहिली. पण सावळ्या नायिकेसाठी उजळ रंगाच्या अभिनेत्रीला काळपट मेकअप केला. सावळ्या मुलीची भूमिकासुद्धा सावळ्या मुलीला मिळेना, अशी टीका तेव्हा झाली ती काही खोटी नव्हती.

आता टीव्ही खिशात आहे

टीव्हीवर निदान दुसऱ्याचा चेहरा दिसायचा. मोबाईलमध्ये आपलाच दिसतो आणि तोही दुरुस्त करून. बऱ्याच मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात 'ब्युटी' नावाची सोय असते, काहींत ती आधीपासून चालू करूनच दिलेली असते. ती कातडी गुळगुळीत करते, रंग उजळवते, गाल आत घेते, डोळे मोठे करते. पोरीला वाटतं आपण अशा दिसतो. मग घरातल्या आरशात पाहिलं की काहीतरी बिनसलंय असं वाटायला लागतं. आरसा खोटं बोलत नाही, कॅमेरा बोलतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय शून्यावर आणता येते. घरातल्या पोरांसोबत एकदा दोन्ही फोटो काढून शेजारी ठेवून बघा.

तालुक्याच्या फोटो स्टुडिओतही हेच चालतं. बायोडाटाचा फोटो 'जरा क्लीन करून' देतात. सगळेच करतात म्हणून आपणही करतो आणि मग पाहायला आलेल्यांना फोटोतली मुलगी समोर दिसत नाही.

इन्स्टाग्रामबद्दल तर खुद्द कंपनीच्या आतले कागद २०२१ मध्ये बाहेर आले. फ्रान्सिस हॉगन नावाच्या माजी कर्मचारी बाईंनी ते बाहेर काढले आणि अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं छापले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के मुली म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळं आणखी वाईट वाटतं. कंपनीनं या आकड्यांचा चुकीचा अर्थ काढल्याचं म्हटलं. पण अभ्यास त्यांचाच होता.

पोरांचं वेगळं दुखणं आहे. पूर्वी तालमीत जाणारा पोरगा कुस्ती मारतो का, हे बघायचे. आता आरशात पोटाचे तुकडे दिसतात का, हे बघतात. २००७ मध्ये 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुखनं पोटावरच्या सहा वड्या दाखवल्या आणि तालुक्याच्या गावी जिम निघाल्या. व्यायाम चांगलाच. पण तीन महिन्यांत तसं दिसायचं म्हणून पोरं नाव-गाव नसलेल्या पावडरी खातात, कुणी इंजेक्शनं घेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब वाढवायला वापरायची इंजेक्शनं जिममधल्या पोरांना विकताना राज्यात अनेक ठिकाणी लोक पकडले गेले आहेत. ज्या पडद्यावरच्या शरीरामागं आचारी, प्रशिक्षक, लाईट आणि कॉम्प्युटर असतो, ते चार म्हशींची धार काढून जिमला जाणाऱ्या पोराला कसं जमावं?

कातडीच्या आत काय होतं

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कसा रंग बनवतात यात. त्या रंगाला मेलॅनिन म्हणतात. ऊन लागलं की तो जास्त बनतो, कारण त्याचं कामच उन्हापासून संरक्षण करायचं आहे. शेतात काम करणाऱ्यासाठी मेलॅनिन म्हणजे फुकटची छत्री.

गोरेपणाच्या क्रीम ढोबळमानानं तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार मोठ्या कंपन्यांचा. त्यात ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार आणि ऊन अडवणारे घटक असतात. तयार झालेला रंग वरच्या थराकडं जाताना थोडा अडतो आणि नवं रापणं कमी होतं. म्हणजे झालंच तर रापलेला चेहरा तुमच्या मूळ रंगाकडं येतो. हाताच्या कोपरापासून वरचा, सदऱ्याखाली झाकलेला भाग बघा. तो तुमचा मूळ रंग. त्याच्या पलीकडं नेईल अशी क्रीम नाही.

दुसरा प्रकार स्टिरॉईडच्या मलमांचा. ही खरं तर औषधं आहेत, इसब वगैरेसाठी डॉक्टरांनी थोडे दिवस द्यायची. पण मेडिकलमधून पन्नास-साठ रुपयांत ट्यूब आणून बायका महिनोन्‌महिने तोंडाला लावतात. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, म्हणून शेजारणीलाही सांगतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, गालावर केस येतात. बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा पेटतो, म्हणून परत लावतात. दारूसारखंच. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टिरॉईडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी किती मेडिकलवाले मागतात, ते वाचकांना ठाऊक आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, पाऱ्याच्या क्रीमचा. पारा कातडीत रंग बनवणारी क्रियाच बंद पाडतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. एवढ्या झटपट फरक दिसला तर खूश होऊ नका, घाबरा. पारा कातडीतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. लावणाऱ्यापुरतं ते थांबत नाही. एकच टॉवेल, एकच उशी, कडेवरचं पोर, त्यांच्यापर्यंतही तो जातो.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातली अशीच घटना उघड झाली. एकाच घरातल्या तीन बायकांना काही महिन्यांच्या अंतरानं किडनीचा आजार झाला. एका घरात तिघींना एकदम असा आजार सहसा होत नाही, म्हणून डॉक्टरांनी खोदून विचारलं. तिघीही ब्युटी पार्लरमधून मिळालेली एकच क्रीम लावत होत्या. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टरांपर्यंत प्रकरण गेलं, क्रीम तपासली, तर त्यात पारा निघाला. आपल्या कायद्यानं चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. या क्रीममध्ये तो कितीतरी पटींनी होता.

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी तर यादीच केली. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडं किडनीच्या एका ठराविक आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांमध्ये त्या आजाराचा एक विशिष्ट, एरवी कमी दिसणारा प्रकार सापडला. त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं कबूल केलं. बहुतेक जण क्रीम बंद केल्यावर सुधारले, हीच त्यातली चांगली बातमी.

लक्षणं लक्षात ठेवा. सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायावर सूज, लघवीला साबणासारखा फेस, रक्तदाब वाढणं, थकवा. क्रीम लावणाऱ्या कुणालाही असं होत असेल तर क्रीम त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात जाताना ट्यूब सोबत न्या. लाज वाटून डॉक्टरांपासून लपवू नका, निदान तिथंच अडतं. लघवीतलं प्रथिन तपासायची सोय ग्रामीण रुग्णालयातही असते.

नाव बदललं, पुडी तीच

मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. जगभर लोक रस्त्यावर आले. त्याचा धक्का अंधेरीपर्यंत पोहोचला. हिंदुस्तान युनिलिव्हरनं जून २०२० मध्ये 'फेअर' हा शब्द काढून टाकायचं जाहीर केलं आणि जुलैत क्रीमचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. पुरुषांच्या क्रीमच्या 'ग्लो अँड हँडसम' या नावावरून इमामी आणि ही कंपनी कोर्टात भांडल्या. मुंबईचीच लग्न जुळवणारी शादी डॉट कॉम, तिनंही जून २०२० मध्येच रंगानुसार स्थळं शोधायची सोय काढून टाकली, अमेरिकेतल्या एका भारतीय बाईनं ऑनलाईन सह्या गोळा केल्यावर. कागदावरून 'गोरा' शब्द गेला. दुकानात जाऊन बघा, आजही लोक "ती गोरं व्हायची द्या" असंच मागतात.

जाहिरातींवर नजर ठेवणारी भारतीय जाहिरात मानक परिषद मुंबईतच आहे. तिनं २०१४ मध्ये नियम केला की सावळा माणूस दुःखी, लग्नात किंवा नोकरीत मागं पडलेला असा दाखवायचा नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे. उंची वाढवणं, लठ्ठपणा घालवणं, स्तनांचा आकार बदलणं या गोष्टींची औषधं म्हणून जाहिरात करायला त्यात आधीपासूनच मनाई आहे, तरी एसटी स्टँडच्या भिंतीवर काय रंगवलेलं असतं ते सगळे वाचतात. त्या यादीत गोरेपण घालायचा आणि पाच वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड करायचा मसुदा २०२० मध्ये निघाला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

तरी ग्राहकाच्या हातात काहीच नाही असं नाही. २०१३ मध्ये दिल्लीतल्या एका ग्राहकानं ७९ रुपयांची 'फेअर अँड हँडसम' घेतली, सांगितल्याप्रमाणं लावली, गोरा झाला नाही, म्हणून ग्राहक मंचात गेला. अकरा वर्षं लागली. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या ग्राहक आयोगानं इमामीला दंडापोटी साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरायला आणि त्या ग्राहकाला ५० हजार द्यायला सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे आणि जाहिरात करणारा नट-नटीसुद्धा त्यातून सुटत नाही.

बुलढाण्यातली टकलं आणि बातम्यांचा गोंधळ

यात बातम्या देणाऱ्यांचंही एक पाप आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. आजार नवा होता, पथकं आली, पाणी तपासलं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे लोक आले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नंतर रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य जास्त असल्याचं सांगितलं.

पण तोवर टीव्हीवाल्यांनी आणि मोबाईलवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं होतं. व्हायरस कुठं सापडलाच नव्हता. नाव मात्र चिकटलं. आजार लागेल म्हणून लोक त्या गावांत यायला बिचकले, लग्नाची बोलणी अडली, पोरं शाळेत जायला लाजली, असं तिथल्या लोकांनीच बातमीदारांना सांगितलं. टकलं झालेल्या बायकांचे पदर बाजूला करून व्हिडिओ काढले गेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हसण्यासाठी फिरले. केस बहुतेकांचे परत यायला लागले. ते व्हिडिओ अजून फिरतायत.

दुकानात काय बघायचं

ट्यूबवर किंवा डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. परदेशी क्रीम असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यातलं काहीही नसेल, नुसती परदेशी अक्षरं आणि गोऱ्या बाईचा फोटो असेल, तर ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नका. पार्लरमध्ये बिननावाच्या डबीत भरून दिलेली क्रीम तर अजिबात नको. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरिक असा कुठलाही शब्द दिसला तर तो पारा. पण पारा घालणारे तो बहुधा लिहीत नाहीत, म्हणून पत्ता नसणं हीच मोठी खूण.

अशी क्रीम विकताना दिसली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार देता येते, पावती आणि डबी जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. दिसण्यावरून कुणी पोरगं-पोरगी जेवण सोडून बसली असेल, शाळा-कॉलेज टाळत असेल, आरशासमोर तासन्‌तास रडत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.